ब्रेक लावला तरी लूप कामून चालायलाय?

सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणाऱ्या मराठवाड्यातल्या कुठल्याही लॅबमध्ये पहिल्या वर्षाच्या पोरांकडून हा प्रश्न हमखास येतो: "सर, ब्रेक लावलाय की, तरी लूप कामून चालायलाय?" लूप म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारी रचना, ब्रेक म्हणजे तिच्यातून मध्येच बाहेर काढणारा शब्द. स्क्रीनवर पाहावं तर ब्रेक खरंच लावलेला असतो. बरोबर अटीखाली असतो, अटही खरी ठरलेली असते. ब्रेकनं आपलं काम चोख केलेलं असतं. फक्त पोराला जो लूप थांबवायचा होता तो राहिला बाजूला, थांबला दुसराच.

सी भाषेच्या मानकात याबद्दल एकच छोटं वाक्य आहे. त्याचा अर्थ असा: ब्रेक ज्यांच्या पोटात आहे अशा लूप किंवा स्विचपैकी सगळ्यात आतलं जे असेल, ते संपवायचं. या वाक्यात स्विचचं (अनेक केसपैकी एक निवडणाऱ्या रचनेचं) नाव आहे आणि इफचं (अट खरी असेल तरच ओळी चालवणाऱ्या रचनेचं) नाव नाही, एवढं आत्ताच हेरून ठेवा. पुढे त्यावरून बरंच रामायण होणार आहे. आधी लूपात लूपचं बघू.

देवगिरीचा किल्ला पाहिला असेल तर चित्र लगेच डोळ्यापुढं येईल. बाहेर अंबरकोट, त्याच्या आत महाकोट, त्याच्याही आत कालाकोट. कालाकोटाच्या दरवाजातून बाहेर पडलेला माणूस खुलताबादच्या रस्त्याला लागत नाही, तो महाकोटात येतो. ब्रेक म्हणजे असा एक दरवाजा. तीन लूप एकात एक असतील आणि सगळ्यात आत ब्रेक असेल, तर आपण मधल्या लूपात येतो आणि मधला लूप पुढच्या फेरीला लागतो.

आता खरं उदाहरण घेऊ. मराठवाड्यात ८ जिल्हे आणि ७६ तालुके. छत्रपती संभाजीनगर ९, जालना ८, परभणी ९, हिंगोली ५, नांदेड १६, बीड ११, लातूर १०, धाराशिव ८. हे आकडे याच क्रमानं 'संख्या' नावाच्या यादीत, म्हणजे अ‍ॅरेमध्ये ठेवले. कालच्या पावसाचे मिलिमीटर 'पाऊस' नावाच्या दुहेरी अ‍ॅरेमध्ये ठेवले. त्याचं माप ८ बाय १६, कारण नांदेडचे १६ तालुके मावले पाहिजेत. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी. महसूल खातं हा हिशेब मंडळनिहाय करतं, आपण सोयीसाठी तालुक्यावर थांबू. प्रश्न असा: अतिवृष्टी झालेला पहिला तालुका शोधा.

कोड देवनागरीत लिहितो. टाइप करताना अर्थातच मूळ इंग्रजी शब्द वापरा. जि हा जिल्ह्याचा आणि ता हा तालुक्याचा क्रमांक, मोजणी ० पासून; ++ म्हणजे एकानं वाढवा. छापण्याच्या लांबलचक ओळीऐवजी नुसतं 'छापा' लिहिलं आहे.

फॉर (जि = ०; जि < ८; जि++) {
    फॉर (ता = ०; ता < संख्या[जि]; ता++) {
        इफ (पाऊस[जि][ता] > ६५) {
            छापा(जि, ता);
            ब्रेक;
        }
    }
}

समजा काल चारच तालुक्यांत अतिवृष्टी झाली: हिंगोलीतलं वसमत, नांदेडमधले किनवट आणि माहूर, लातूरमधलं उदगीर. हिंगोलीच्या यादीत आधी हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, मग चौथं वसमत आणि शेवटी औंढा नागनाथ. नांदेडच्या यादीत किनवट माहूरच्या आधी. पोराची अपेक्षा अशी की वसमत छापून सगळं थांबावं. पडद्यावर येतात वसमत, किनवट आणि उदगीर. माहूर येत नाही.

कागदावर चालवून बघा. जि ० असताना संभाजीनगरचे ९ तालुके तपासले, काही नाही. जालन्याचे ८, परभणीचे ९, तिथंही नाही. जि ३ म्हणजे हिंगोली. ता ०, १, २ कोरडे गेले. ता ३ वर वसमत सापडलं, छापलं, ब्रेक आला. आतला लूप मोडला, त्यामुळे औंढा नागनाथ तपासायचं राहिलं. पण बाहेरच्या लूपला यातलं काही कळलंच नाही. त्यानं शांतपणे जि ४ केला आणि नांदेडपासून आतला लूप नव्यानं सुरू झाला. तिथं किनवट सापडलं, पुन्हा ब्रेक, माहूर सुटलं. बीड कोरडं गेलं, लातुरात उदगीर लागलं, धाराशिव कोरडं.

म्हणजे हा प्रोग्राम चुकला नाही, त्यानं वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. 'प्रत्येक जिल्ह्यातला पहिला अतिवृष्टीचा तालुका कोणता?' असं विचारलं असतं तर हाच कोड, एक अक्षर न बदलता, बरोबर ठरला असता. आतल्याच लूपमधून बाहेर पडणं ही ब्रेकची उणीव आहे असं कित्येक जण धरून चालतात, मला ते पटत नाही. दहापैकी आठ वेळा आपल्याला तेच हवं असतं. मूळ संख्या शोधताना भाग गेला की आतला लूप सोडायचा आणि पुढची संख्या घ्यायची; इन्सर्शन सॉर्टमध्ये संख्येची योग्य जागा सापडली की आतला लूप सोडायचा आणि पुढची संख्या घ्यायची. तिथं ब्रेकनं दोन्ही लूप मोडले असते तर आपणच कपाळाला हात लावला असता.

ब्रेक कुठं नेतो हे प्रोग्राम चालताना ठरत नाही, ते कंपायलर, म्हणजे आपल्या कोडचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्राम, आधीच ठरवून टाकतो. ब्रेकपासून बाहेर बाहेर बघत जायचं, पहिला जो लूप किंवा स्विच लागेल त्याच्या संपण्याच्या जागी उडी ठेवायची, एवढंच तो करतो. म्हणून ब्रेक फंक्शनची (नाव देऊन वेगळ्या ठेवलेल्या कोडच्या तुकड्याची) हद्द ओलांडू शकत नाही. लूपमधून एखादं फंक्शन बोलावलं आणि त्या फंक्शनात नुसता ब्रेक लिहिला, तर बाहेर लूप फिरतोय याच्याशी कंपायलरला देणंघेणं नसतं. ब्रेक लूपात किंवा स्विचमध्ये नाही, अशी चूक दाखवून तो मोकळा होतो.

उडी लूपच्या पलीकडे पडते, त्यामुळे आणखी एक गोष्ट घडते आणि ती फार उपयोगाची आहे. ब्रेक लागला की त्या फेरीतलं ता++ होत नाही. वसमतला ब्रेक लागला तेव्हा ता ३ होता, बाहेर आल्यावरही ३ च. आतला लूप पूर्ण फिरून नैसर्गिकपणे संपला असता तर ता ५ झाला असता, म्हणजे संख्या[जि] एवढा. लूप मोडून बाहेर आलो की संपवून, हे ता कडे बघूनच कळतं. मग आतला लूप संपल्यावर, पण बाहेरच्या लूपच्या कंसात, एक ओळ टाकायची:

इफ (ता < संख्या[जि]) ब्रेक;

हा ब्रेक आतल्या लूपच्या पोटात नाही, म्हणून तो बाहेरचा लूप मोडतो. जि ३ आणि ता ३, दोन्ही शाबूत. ३० तालुके तपासून काम संपलं, उरलेल्या ४६ ना हात लावायची गरज पडली नाही. मात्र जि आणि ता दोन्ही लूपच्या बाहेर जाहीर केलेले हवेत. फॉरच्या कंसातच इंट ता लिहिलं तर तो चल (किंमत साठवणारं नाव) लूपबरोबरच संपतो आणि खालच्या ओळीत कंपायलर त्याला ओळखही दाखवत नाही.

पुस्तकी उत्तर मात्र बहुतेक वेळा फ्लॅगचं असतं. सापडला नावाचा चल ० ठेवायचा, सापडलं की १ करून ब्रेक, आणि बाहेरच्या फॉरच्या अटीत 'आणि अजून सापडला नाही' हे जोडायचं. जि < ८ && !सापडला. दिसायला सुटसुटीत. पण लूपच्या बाहेर जि आणि ता छापून बघा: ४ आणि ३ येतात! ४ म्हणजे नांदेड. अतिवृष्टी वसमतला आणि पंचनाम्याला माणूस निघाला नांदेड जिल्ह्यात.

झालं असं की आतला लूप मोडल्यावर बाहेरच्या लूपची ती फेरी रीतसर पूर्ण झाली. फेरी पूर्ण झाली की आधी जि++ होतं, मगच अट तपासली जाते. अट खोटी ठरेपर्यंत जि पुढे सरकलेला असतो. उपाय दोन आहेत: सापडलं त्याच क्षणी जि आणि ता दुसऱ्या चलांत टिपून ठेवा, किंवा फ्लॅगची तपासणी फॉरच्या अटीत न घालता आतल्या लूपनंतर वेगळ्या इफमध्ये करून तिथून ब्रेक द्या. आणि अतिवृष्टी कुठंच झाली नसेल तर शेवटी जि ८ असतो. तो घेऊन जिल्ह्यांच्या नावांच्या अ‍ॅरेत शिरलात तर नववं नाव मागितल्यासारखं होईल. सी तक्रार करणार नाही, हाती येईल तो कचरा देईल.

आतला लूप मोडल्यावर बाहेरच्या लूपच्या कंसात खाली ज्या ओळी असतात त्याही चालतातच, हेही पोरं विसरतात. जिल्ह्याची बेरीज छापणारी ओळ तिथं असेल तर ब्रेकनंतरही ती छापली जाते, आणि अर्ध्याच तालुक्यांची छापली जाते.

एक जुगाड सर्रास दिसतो: सापडलं की जि = ८ करून टाकायचं, म्हणजे बाहेरचा लूप आपोआप संपेल. संपतो. पण सापडलेला जिल्हा कोणता हेच पुसलं जातं, आणि सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्याला जि मध्येच ८ का झाला ते उमगत नाही. दुसरा जुगाड थेट एक्झिट बोलवायचा. त्यानं लूप थांबतो, पण सगळा प्रोग्रामच बंद पडतो. उंदीर मारायला घर पेटवून दिल्यातला प्रकार.

गोटू, म्हणजे लेबल लावलेल्या ओळीवर थेट उडी मारायचा आदेश, हा शब्द काढला की वर्गात कुणीतरी कान पकडतं. एड्‌सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाचं गोटूविरुद्धचं पत्र १९६८ मध्ये छापून आलं, तेव्हापासून तो बदनाम आहे. बदनामी रास्तच होती, त्या काळी लोक गोटूनं प्रोग्रामभर कुठूनही कुठंही उड्या मारायचे. पण एकात एक तीन लूपांतून थेट बाहेर यायला पुढच्या दिशेनं मारलेली एकच उडी वाचायला फ्लॅगपेक्षा सोपी असते. लिनक्स कर्नलमध्ये चूक झाली की आवराआवर करून बाहेर पडायला गोटू राजरोस वापरतात. नियम दोनच पाळा: उडी लूपच्या बाहेर आणि खालच्या दिशेनं मारायची, आणि लेबलाचं नाव वाचल्याबरोबर कळेल असं ठेवायचं. लेबल त्याच फंक्शनात असावं लागतं. जुन्या कंपायलरमध्ये लेबलानंतर लगेच महिरपी कंस बंद केला तर चूक येते. तिथं एक रिकामा अर्धविराम ठेवला की भागतं.

माझा कौल मात्र रिटर्नला आहे. दोन लूप एकदम मोडावेसे वाटले की बहुतेक वेळा ते शोधायचं काम वेगळ्या फंक्शनाच्या लायकीचं झालेलं असतं.

इंट पहिली_अतिवृष्टी() {
    इंट जि, ता;
    फॉर (जि = ०; जि < ८; जि++)
        फॉर (ता = ०; ता < संख्या[जि]; ता++)
            इफ (पाऊस[जि][ता] > ६५)
                रिटर्न जि * १६ + ता;
    रिटर्न -१;
}

रिटर्न लूप मोजत बसत नाही. दोन असोत की पाच, तो फंक्शनातूनच बाहेर येतो. इथं जिल्हा आणि तालुका एकाच आकड्यात बांधून पाठवले आहेत. वसमतसाठी ३ गुणिले १६ अधिक ३, म्हणजे ५१. बोलावणाऱ्यानं ५१ ला १६ नं भागलं की भागाकार ३ हा जिल्हा, बाकी ३ हा तालुका. उणे १ आलं तर अतिवृष्टी कुठंच नाही. फ्लॅग नाही, लेबल नाही, जि पुढे सरकल्याची भानगड नाही.

आता स्विचकडे. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मेन्यूचा एक प्रोग्राम असतोच. १ बेरीज, २ वजाबाकी, ३ गुणाकार, ४ बाहेर. व्हाइलच्या पोटात स्विच, आणि केस ४ मध्ये ब्रेक. ४ दाबला की मेन्यू पुन्हा हजर! कारण केस ४ मधल्या ब्रेकच्या सगळ्यात जवळ स्विच आहे. तो ब्रेक स्विचमधून बाहेर आला आणि व्हाइलनं पुढची फेरी घेतली. इथं व्हाइलच्या अटीतच निवड ४ नसल्याची तपासणी घाला, किंवा हे सगळं फंक्शनात असेल तर केस ४ मध्ये रिटर्न द्या.

गंमत म्हणजे चालू फेरी सोडून पुढची घ्यायला लावणाऱ्या कंटिन्यूचं स्विचशी काहीच नातं नाही. स्विचच्या केसमध्ये कंटिन्यू लिहिला तर तो स्विचकडे ढुंकूनही न पाहता लूपच्या पुढच्या फेरीला जातो. फॉर असेल तर जाताना ता++ करून जातो. व्हाइल असेल आणि तुम्ही ता++ सगळ्यात खाली लिहिलं असेल, तर कंटिन्यू ती ओळच उडवतो, आणि मग प्रोग्राम जागच्या जागी फिरत बसतो.

आणि इफ? इफ ब्रेकच्या खिजगणतीतही नाही. इफच्या कंसात लिहिलेला ब्रेक इफमधून बाहेर पडत नाही, त्या इफच्या बाहेर जो लूप किंवा स्विच आहे त्यातून पडतो. वाचायला हे किरकोळ वाटतं. पण याच एका गोष्टीनं १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेतली लांब पल्ल्याची टेलिफोन सेवा सुमारे नऊ तास विस्कळीत केली होती. एटी अँड टी कंपनीच्या ११४ एक्स्चेंजमध्ये महिनाभरापूर्वी नवा सॉफ्टवेअर बसवला होता, सी मध्ये लिहिलेला. त्यात स्विचच्या एका केसमध्ये इफ होता आणि त्या इफमध्ये ब्रेक. लिहिणाऱ्याला इफ सोडून खालच्या ओळींवर जायचं होतं. ब्रेकनं त्याला स्विचच्याच बाहेर काढलं. त्या दिवशी न्यूयॉर्कमधलं एक एक्स्चेंज बिघाडामुळं स्वतःला रीसेट करून पुन्हा उभं राहिलं आणि शेजाऱ्यांना 'मी आलो' असे निरोप पाठवू लागलं. दोन निरोप अगदी पाठोपाठ आले की शेजाऱ्याच्या कोडमधला तो ब्रेक लागायचा, माहिती बिघडायची, तोही रीसेट व्हायचा आणि उभा राहून आपल्या शेजाऱ्यांना निरोप पाठवायचा. असं करत बिघाड देशभर फिरला. शेवटी निरोपांचा ओघ कमी केला तेव्हा जाळं जाग्यावर आलं. सी भाषा जन्मली ती बेल लॅब्समध्ये, म्हणजे याच कंपनीच्या प्रयोगशाळेत.

एकच ब्रेक लूपलाही आणि स्विचलाही का, याचं उत्तर सी घडवणाऱ्या डेनिस रिची यांनीच देऊन ठेवलंय. सी आली बी वरून, बी आली बीसीपीएल वरून. बीसीपीएल मध्ये लूप सोडायला ब्रेक आणि स्विचसारखी रचना सोडायला एंडकेस, असे दोन निराळे शब्द आहेत. पण बेल लॅब्समधल्या मंडळींनी १९६० च्या दशकात ती भाषा उचलली तेव्हा एंडकेस तिच्यात आलेलाच नव्हता. त्यांनी असलेल्या ब्रेकवरच भागवलं. मुद्दाम घेतलेला निर्णय नव्हे तो. पुढच्या पन्नास वर्षांतल्या मेन्यूच्या प्रोग्रामांनी त्याची किंमत मोजली.

दुसऱ्या भाषांनी वेगळे मार्ग काढले. पीएचपीमध्ये ब्रेक २ लिहिलं की दोन पायऱ्या बाहेर येता येतं, पण मध्ये कुणी एक लूप वाढवला की तो २ चुकीचा ठरतो. जावामध्ये लूपला नाव देऊन 'त्या नावाच्या लूपमधून ब्रेक' असं लिहिता येतं, ते मला जास्त भरवशाचं वाटतं. सी मध्येही आता तेच येऊ घातलंय: पुढच्या मानकाच्या मसुद्यात २०२४ मध्ये नाव दिलेले लूप घेतले गेले. बाहेरच्या फॉरला 'जिल्हे' असं नाव दिलं आणि आत 'ब्रेक जिल्हे' लिहिलं की वसमतवर सगळं थांबेल. आपल्याकडच्या कित्येक लॅबमध्ये अजून टर्बो सी ची निळी खिडकी उघडते. १९८७ साली बाजारात आलेल्या त्या कंपायलरला हे कळणार नाही, आणि फॉरच्या कंसात इंट लिहिलेलंही त्याला सी मध्ये चालत नाही. तिथं वरचं रिटर्नवालं फंक्शन जसंच्या तसं चालतं.